रिकेल्मेसाहेबांचा शब्द

पॅराग्वेच्या राजधानीत, आसुन्सिओनमध्ये, फायनान्सवाल्यांचा खरा कारभार बँकेत चालत नाही. आमचा तरी शुक्रवारी सकाळी ओवेलारच्या अंगणात, तेरेरे, म्हणजे आमचा थंडगार पाल्याचा चहा, पिता पिता चालायचा. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, बर्फाचं पाणी आणि चार कंपन्यांचे पैसे सांभाळणारी आम्ही चार माणसं. कुणाला चणचण भासली की नुसता शब्द टाकायचा. दुपारपर्यंत पैसे खात्यात. ही रीत आमच्यातल्या वडीलधाऱ्या रिकेल्मेसाहेबांनी घातली. त्या जोरावर मी आमच्या डेअरीच्या खात्यात कधी फारसं ठेवलंच नाही. पडून राहिलेला पैसा मला घरजावयासारखा वाटायचा.

मार्चमध्ये रिकेल्मेसाहेब वारले. त्यांची खुर्ची हलवायला आणि ग्रुपवरून त्यांचा नंबर काढायला कुणाचाच हात धजावला नाही.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी माझ्या गळ्याशी आलं होतं. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले होते आणि संध्याकाळी गवळ्यांचे चुकते करायचे होते. नाही केले, तर उद्यापासून त्यांचं दूध दुसरीकडे आणि आमच्या डेअरीला कुलूप.

"सोमवारपर्यंत हात द्या," मी म्हणाले.

ओवेलार पेला भरता भरता थांबला. "निल्दा, थट्टा करतेस? मी तुझ्याकडेच मागणार होतो."

"आणि मी तुम्हा दोघांकडे," नोर्मा म्हणाली. "माझी तिजोरी उंदरांनीसुद्धा सोडली."

तिघंही एकमेकांच्या भरवशावर कोरडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओवेलारने सवयीने पुढचा पेला काठोकाठ भरून रिकेल्मेसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. नळीतून घुरघुर आवाज आला, पाणी तळाला गेल्यावर येतो तसा. पेल्यात थेंब उरला नव्हता. तेवढ्यात तिघांचेही फोन वाजले. रिकेल्मेसाहेबांचा नंबर: "पाठवतो. तिघांनाही."

"त्यांच्या पोराकडे फोन असेल," नोर्मा पुटपुटली.

"त्यांना पोर कुठे होतं?" ओवेलार म्हणाला.

दुपारी पैसे आले. घेऊ नयेत हे कळत होतं. पण फाटकाशी गवळी उभे होते. मी वाटून टाकले.

सोमवारी गिऱ्हाइकाने पैसे सोडल्यावर मी लिहिलं, "साहेब, कुठल्या खात्यात परत करू?"

उत्तर लगेच आलं. "पैसे राहू दे. शुक्रवारी मलाही काही मागायचंय."

मी फार घाबरले. ज्याने वेळेला दिलं त्याला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही, आणि त्यांना पैसे तर नको होते.