मराठीतून तपासणी

"आषाढ," उषाताई म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या.

समोरच्या मृणालबाबूंनी कागदावर महिन्याच्या प्रश्नापुढे फुली मारली. उषाताईंच्या सुनेला, कालिंदीला, ती टेबलाच्या अलीकडूनही दिसली.

"आषाढ तो ख़तम हो गया, मैडम," तिचा चेहरा पाहून ते म्हणाले. "अभी श्राबोन चल रहा है."

"तुमचा लागला असेल. आमचा अमावास्येनंतर लागतो," कालिंदीने त्यांना हिंदीतून समजावलं.

"काय म्हणतात गं ते?" उषाताईंनी विचारलं.

"श्रावण लागला म्हणतात, आई."

"असा कसा लागेल? दिव्यांची अवस कुठे झालीय अजून? दिवे घासायचे राहिलेत सगळे."

कालिंदीने तेही सांगितलं. मृणालबाबू मनापासून हसले, फुली खोडली आणि बरोबरची खूण केली. कालिंदीला बाजी मारल्यासारखं वाटलं.

सरकारी रुग्णालयातल्या या स्मृती तपासणीसाठी ती महिनाभर भांडली होती. चाचणी बांगला, हिंदी आणि इंग्रजीतच होते, असं आधी उत्तर आलं. तिने पुन्हा अर्ज केला. 'मृणाल' नावाचं कोणी चाचणी घेणार असं कळलं, तेव्हा तिला वाटलं, आलीच आपली मराठी बाई. दारात मात्र भरघोस मिशांचे गृहस्थ उभे. पण माणूस भला निघाला. तुम्हीच मराठीतून विचारा म्हणाला, फक्त उत्तर सुचवायचं नाही.

आईंचं डोकं ताळ्यावर आहे याबद्दल कालिंदीला शंका नव्हती. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांत त्या वाट चुकल्या, कारण रिक्षावाल्याला हिंदीत पत्ता सांगता आला नाही. बँकेत जाऊन तशाच परतल्या, कारण तिथलं बोलणं कळलं नाही. दर वेळी त्या म्हणायच्या, "मला मेलीला हिंदी येत नाही ना." तिच्या नवऱ्याला, श्रीकांतला, मात्र धास्ती होती. त्याची बदली झाली म्हणून कालिंदी कोलकात्यात आली होती, आणि सासरे वारल्यावर उषाताईही या दोघांकडे राहायला आल्या. सगळं ठीक निघालं, तर दिवाळीआधी आईला साताऱ्याच्या घरी पोचवतो, असं त्याने कबूल केलं होतं. तिथे एकट्या राहायचं हे उषाताईंचं रोजचं टुमणं होतं.

मघाशी बाहेरच्या बाकावरही भाषेचाच विषय निघाला होता. सरकारी सेवा कोणत्या भाषेत हव्यात, असं एक मुलगी रुग्णांच्या नातेवाइकांना विचारत होती. बंगालमध्ये राहायचं तर बांगला शिका, असं एका धोतरवाल्या आजोबांनी ठणकावलं. हिंदी सगळ्यांनाच येते की, असं दुसऱ्याचं मत. कालिंदी उसळून म्हणाली, मी शिकेन, पण या वयात माझ्या सासूने आधी भाषा शिकायची आणि मग आजारी पडायचं का? आजोबांनी बाजूला सरकून उषाताईंना पंख्याखालची जागा दिली.

"अब वो तीन शब्द," मृणालबाबू म्हणाले.

सुरुवातीला त्यांनी लक्षात ठेवायला तीन शब्द दिले होते, आणि कालिंदीने ते मराठीत सांगितले होते. फणी, उशी, विहीर.

"आई, मघाचे तीन शब्द आठवतात?"

"न आठवायला काय झालं? उशी." त्या थांबल्या. खिडकीकडे पाहिलं. "कात्री. आणि टोपली."

तिघांतला एकच शब्द बरोबर होता. हे तर मराठीतून विचारलं होतं. आता बोट कोणाकडे दाखवायचं? मृणालबाबू पेन धरून वाट पाहत होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता, आणि खोलीत तिसरं कोणी नव्हतं. साताऱ्याच्या घराच्या किल्ल्या आई रोज पुसून ठेवतात, हे तिच्या मनात आलं.

"तीनों सही हैं," ती म्हणाली.

त्यांनी खूण केली आणि पान उलटलं. तेवढ्यात उषाताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"खोटं सांगितलंस ना?"

"नाही, आई."

"मला कळतं गं हिंदी. पहिल्यापासून कळतं. बोलायलाही येतं मोडकंतोडकं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी रिक्षावाला पत्ता विचारत होता, तो मला आठवतच नव्हता. बँकेत का गेले, तेही. हिंदी येत नाही म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. तू तर माझ्यासाठी भांडायलाच लागलीस. मग कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

कालिंदीला सासूचा राग आला नाही. आला तो स्वतःचाच, की वर्षभर आपण इतकी वकिली केली आणि आईंकडे एकदा नीट पाहिलंही नाही.

"मैडम, क्या बोल रही हैं?" मृणालबाबूंनी विचारलं.

कालिंदीने तोंड उघडलं, पण उषाताईंनीच तिला हाताने थांबवलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"डॉक्टर," त्या शब्द जुळवत म्हणाल्या, "मेरी सून मेरे वास्ते झूठ बोली. उसको कुछ मत बोलो. मेरे को याद नहीं रहता." मग म्हणाल्या, "सातारा जाने का बोलती मैं, लेकिन अकेली नहीं रहने का मेरे को. डर लगता है."

मृणालबाबूंनी पेन खाली ठेवलं आणि आपली खुर्ची ओढून ते टेबलाच्या या बाजूला आले.

"बोलिए, माशीमा," मावशीला म्हणावं तसं ते म्हणाले. "आराम से बोलिए."

उषाताई बोलू लागल्या. अडलं की मराठी शब्द घालत होत्या आणि मृणालबाबू मान डोलावत होते. कालिंदी त्यांचा हात धरून बसली होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं.