टेबलाच्या पायाखालची नियती

ऐका, टेबलाच्या डाव्या पायाखालून बोलतेय मी. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या.

मी एक चिठ्ठी. माझ्यावर 'डेस्टिन' हे इंग्रजी क्रियापद लिहिलंय. अर्थ: नियतीने आधीच ठरवून ठेवणे. अण्णा इंग्रजी-मराठी विषयवार कोश करत होते आणि त्यांची पुतणी, आमची ताई, प्रत्येक शब्दाचं मूळ शोधून चिठ्ठ्या लिहीत होती. माझ्यापायी ती आठवडाभर लॅटिनशी झटली. शेवटी सापडलं: घट्ट करणे, पक्कं बसवणे. आनंदाने तिने ते दोनदा अधोरेखित केलं. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच होते.

टेबलाच्या खणात, नशिबाच्या शब्दांच्या कप्प्यात आम्ही चौघी. 'ऑर्डेन' म्हणजे देवाने नेमून देणे, पण मूळ साधंच, क्रम लावणे. 'अलॉट' वाट्याला घालते. तिचं कूळ चिठ्ठ्या टाकण्याचं. 'डूम' म्हणजे कपाळी विनाश लिहिणे. पूर्वी तिचा अर्थ नुसता निवाडा होता. माणसांचे निवाडे पाहता ती बिघडली यात नवल नाही. साऱ्या जगाचं नशीब आपल्या हातात, असं आम्हाला वाटायचं.

मग छापखान्यातून फोन आला. नशिबाच्या पानावर तीनच मावतील, एक काढा.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "मी कोण कुणाचं नशीब ठरवणारा? त्यांचं त्यांनाच ठरवू दे."

आधी चिठ्ठ्या टाकल्या. निघाली 'अलॉट'च. "तिच्याच घरचा खेळ आणि तीच बाद? छे!" ताई म्हणाली. मग ओळीत लावून शेवटची काढायचं ठरलं. शेवट कुठल्या टोकाला, यावर काका-पुतणीचं चहा गार होईपर्यंत वाजलं.

"'डेस्टिन' मात्र जाणार नाही हं," असा निवाडा देऊन ताई चहा तापवायला आत गेली.

अण्णांनी पेन उचललं आणि टेबल डुगडुगलं. ते वर्षानुवर्षं डुगडुगतच होतं. वैतागून त्यांनी हाताला लागली ती चिठ्ठी चौपदरी दुमडली आणि पायाखाली सारली. ती मी.

उठून बघतात तो चिठ्ठ्या तीन! "देवानेच ठरवलं," म्हणत त्यांनी हात जोडले. ताई येईतो पाकीट छापखान्याच्या माणसाबरोबर गेलंही होतं.

"कोण गेलं?"

"देवाला विचारलं नाही मी."

कोशाचा पहिला खंड छापून आला, तेव्हा ताईने ते पान तीनदा पाहिलं आणि दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. मलाही रडू आलं. शाई फुटेल म्हणून आवरलं.

काल केर काढताना ताईला मी सापडले. तिने मला उलगडलं, जुन्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, सुटले! तेवढ्यात वरून अण्णा ओरडले, "अगं, टेबल कोण हलवतंय?" त्यांचा हात आता थरथरतो आणि दुसरा खंड अजून अर्धाच झालाय.

ताईने वर अण्णांकडे पाहिलं. मग तिने माझी पुन्हा नीट घडी घातली.

"अजून थोडे दिवस धर गं," ती हळूच म्हणाली.

धरलंय. तेव्हा कोशात मी दिसले नाही तर हळहळू नका. अण्णांचा खंड पुरा होईपर्यंत केर काढताना हा पाय तेवढा सोडा.