मडगार्डला चुंबक चिकटेना

वडिलांची फियाट आपण स्वतः, घरच्या अंगणात रंगवायची, असं ललितनं जाहीर केलं तेव्हा त्याची बायको शालू पोटभर हसली. हसण्यासारखंच होतं. ललित अमरावतीच्या राजापेठेत बारावीच्या पोरांना गणित शिकवायचा. खिडकीला रंग लावायला घेतला की खिडकीपेक्षा तोच जास्त रंगायचा.

पण ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्याचं मन होत नव्हतं. त्याचे बाबा, खुशालराव, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. चांदूर बाजारला क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांनी ती जुनी घेतली. त्यांच्या सगळ्या गणगोतात ती पहिली मोटार. आणि ललितचा जीवही तिनंच वाचवला होता. तो तीन वर्षांचा असताना मे महिन्याच्या भर दुपारी त्याला ऊन लागलं, झटके यायला लागले, डोळे पांढरे झाले. बाबांनी त्याला गाडीत घातलं आणि अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर पोरगा हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट बाबा लग्नात, बारशात, साक्षगंधात सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ललितनंच ती भरल्या मंडपात सांगितली.

तर रंगकाम. महिनाभर व्हिडिओ पाहून त्याचं डोकं भणभणलं होतं. रंगाचं भांडं फवाऱ्याच्या बंदुकीच्या वर असावं की खाली? नोझल किती मिलिमीटरचं? बाजारातल्या दुकानदारानं त्याला एक गोंडस लहानसा कॉम्प्रेसर दाखवला.

"यानं कार होईन का?" ललितनं विचारलं.

"सायकल होईन," दुकानदार म्हणाला. "गाडीले हवा पुरली पायजे सर. एक दरवाजा होत नाई त टाकी रिकामी. मंग रंग थुंकल्यासारखा पडते."

त्यानंच अकोल्याच्या ओमप्रकाश पेंटरचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं धंदा बंद केला होता, त्याचा मोठा कॉम्प्रेसर पडून होता. ओमप्रकाश हे नाव ललितच्या ओळखीचं होतं. गाडीच्या कागदांत त्याच्या वर्कशॉपची एक पिवळी पडलेली पावती होती. अमरावतीत इतके पेंटर असताना बाबांनी गाडी अकोल्याला काहून नेली असेल, असं त्याला क्षणभर वाटलं होतं, तेवढंच.

ओमप्रकाश घराच्या ओट्यावर बसला होता. बारीक अंगाचा माणूस, चार शब्द बोलला की थांबून श्वास घ्यायचा. ललितनं आपली सामानाची यादी पुढं केली. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि कपाळाला हात लावला.

"यात मास्क कुठी हाय?"

"रुमाल बांधीन ना."

"मी बी रुमालच बांधला, बत्तीस वर्ष. आता पाहून राह्यले ना कसा बोलतो ते?" त्यानं दम घेतला. "आधी मास्क घ्या. दोन्ही बाजूनं काळे डबे असतेत तो. मंग हवेतलं पानी अडवाचा फिल्टर. बंदूक वरच्या भांड्याची घ्या, रंगाले एक पूर्णांक चारचं नोझल. अन् अस्तराले वेगळी, मोठ्या भोकाची. एकाच बंदुकीनं दोन्ही कामं कराची नाई."

ललित वहीत उतरवून घेत होता. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडी कोनती?"

"फियाट. चौऱ्याहत्तरची. तुमीच रंगवली होती. खुशालराव इंजिनिअरची."

ओमप्रकाशनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत गेला आणि एक चपटं चुंबक घेऊन आला.

"याच्यावर पातळ फडकं गुंडाळा अन् आख्ख्या गाडीवर फिरवा. जिथं चिकटलं नाई तिथं पत्रा नाई, लांबी म्हंजे पुट्टी भरेल हाय. ते आधी खरडा लागते."

"आमच्या गाडीले कधीच काई झालं नाई काका. बाबा म्हनत, माह्या हातून चाळीस वर्षांत ओरखडा नाई पडला."

"त्याईच्या हातून नसंनच पडला," ओमप्रकाश म्हणाला आणि खोकायला लागला.

रविवारी सकाळी ललितनं चुंबक फिरवलं. बॉनेटवर टक् करून चिकटलं. दारांवर चिकटलं. डिकीवर चिकटलं. समोरच्या उजव्या मडगार्डवर ठेवलं आणि ते घसरून खाली पडलं. त्याला वाटलं, फडकं जाड झालं. फडकं काढून नुसतं चुंबक ठेवलं. पुन्हा पडलं.

त्यानं ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि घासायला बसला. आधी वरचा निळा रंग गेला, मग राखाडी अस्तर आणि खाली गुलाबी लांबी लागली. घासत गेला तरी ती संपेना. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला तर बोटभर आत गेला. अख्खं मडगार्ड एकेकाळी आत दबलेलं होतं.

आई चहा घेऊन आली ती याच वेळी. जमुनाबाईंचं वय पंच्याहत्तर. बोलणं कमी, चालणं हळू. त्यांनी चहा शिडीच्या पायरीवर ठेवला आणि त्या गुलाबी खड्ड्याकडं पाहिलं.

"लागलं का ते?" त्या म्हणाल्या. "ते मी ठोकलं होतं."

ललितला ऐकू आलं, पण समजलं नाही. तो हसला. "काय ठोकलं?"

"गाडी. दवाखान्याच्या फाटकाच्या खांबाले. वळवता नाई आली मले. सरळ येत होती, वळवाची सवय नव्हती."

"कोनत्या दवाखान्याच्या?"

"तुले नेलं त्या."

त्याच्या हातातला ठोकळा तसाच राहिला.

"आई, मले बाबानं नेलं होतं."

"तुहे बाबा त्या दिवशी कालव्याच्या कामावर होते. जीपनं गेले होते. गाडी घरी होती." त्या रंगाच्या डब्यावर बसल्या. "दुपारची एस.टी. निघून गेली होती. शेजारी कोनी मानूस नाई. तुहे डोये फिरले. मी तुले ओल्या लुगड्यात गुंडाळलं, बाजूच्या सीटवर ठेवलं अन् निंघाली."

"पन तुले चालवता कुठं येत होती?"

"त्याईनंच शिकवली होती, चार रविवार. सायबाच्या बायकोनं पाहून हासलं, मंग बंद केलं. चार रविवारात सरळ जाता येते."

चांदूर बाजार ते अमरावती. मे महिन्यातली दुपार. एका हातानं पोराला धरायचं की गिअर टाकायचा? ललितच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभंच राहीना. तिथं नेहमी बाबा बसलेले असायचे. पांढरा शर्ट, घामानं भिजलेला. इतक्या वेळा ऐकलेलं, इतक्या वेळा सांगितलेलं, की त्याला ते आठवतं असंच वाटायचं. आता त्या सीटवरून बाबांना कुणीतरी उठवलं होतं आणि ती जागा रिकामी होती.

"मंग बाबानं खोटं काहून सांगतलं?"

"पह्यल्यांदा माह्याच साठी सांगतलं. माह्याजवळ लायसन नाई, फाटक पडलं, पोलीस आला. ते संध्याकाळी पोचले अन् म्हणाले, गाडी मीच चालवत होतो. सह्या केल्या. दंड भरला. अमरावतीत कोनाले समजू नाई म्हणून गाडी अकोल्याले नेली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग लोक इचारत, त त्याईले तसंच सांगा लागे. सांगता सांगता त्याईले बी तेच खरं वाटाले लागलं असंन."

"अन् तू?"

"मी काय?"

"मी भर मंडपात सांगतलं, आई! तू पुढच्या खुर्चीवर बसली होती!"

"हो. लय चांगलं बोलला तू त्या दिवशी."

हे त्या साधेपणानं म्हणाल्या, आणि तेच त्याला सहन झालं नाही. ललित उठून घरात गेला. न्हाणीघरात नळ सोडून उभा राहिला. कुणावर चिडायचं तेच कळेना. जो बाप खोटं बोलला तो बायकोला वाचवायला खोटं बोलला. मग चाळीस वर्षं टाळ्या घेत राहिला तो कोण? आणि ही बाई प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती गोष्ट ऐकत पंगतीत वाढत फिरली!

त्यानं अकोल्याला फोन लावला.

"सांगतलं का वहिनीनं?" ओमप्रकाश म्हणाला. "मले बी इंजिनिअर साहेबानंच सांगतलं होतं. मडगार्डकडं पाहून म्हणाले, ओमप्रकाश, बाई वाघीन हाय. मंग म्हणाले, पन हे इथंच ठेव."

म्हणजे बाबांना तिचं मोल कळलं होतं. हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा खोल बसला. परक्या पेंटरला सांगता आलं. तिचं नाव चारचौघांत घेता आलं नाही.

चार दिवस गाडीकडं कुणी फिरकलं नाही. शालूला सगळं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. उठून सासूच्या खोलीत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी ललितनं किसनरावांना फोन करून सगळं सांगितलं. किसनराव म्हणजे खुशालरावांचे धाकटे भाऊ, अकोटला राहणारे. स्पीकर चालू होता.

"काही तरीच काय," किसनराव म्हणाले. "तुही माय म्हातारी झाली बाबू. या वयात असं होते. भाऊ देवमानूस होता, मेलेल्या मानसाले असं..."

जमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि फोन मागितला.

"भाऊजी, जमुना बोलतो. तुमी त फियाट लय चालवली. गिअर स्टेरिंगच्या दांड्याले असते ना? पह्यला कसा टाकता?"

पलीकडं किसनराव खाकरले.

"आपल्याकडं वढून वर," जमुनाबाई म्हणाल्या. "दुसरा तसाच खाली. तिसऱ्याले वढाचं नाई, नुसता वर. अन् तुमच्या भावाच्या गाडीचा तिसरा अटके. जरा दम धरून टाकला त पडे. बरोबर का?"

"वहिनी..." किसनराव म्हणाले.

"तुमच्या भावाले मी खोटं म्हणत नाई. पन गाडी मी चालवली."

त्यांनी फोन ललितच्या हातात दिला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. अंगठा दांड्यावर असल्यासारखा अजून थोडा वाकलेला होता. ललित तिच्या हाताकडं पाहत राहिला. या हातानं आपल्याला भरवलं, शाळेचे कपडे धुतले, एवढंच त्याला माहीत होतं.

"आई," तो म्हणाला, "रस्त्यानं भेव नाई लागलं?"

"लागलं ना." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "वलगावच्या पुढं तू निपचित झाला. तवा वाटलं, गाडी थांबवून पाहाव का? पन थांबवली अन् परत चालू नाई झाली त? म्हणून पाह्यलंच नाई. तसाच दाबला पाय."

ललित तिच्याजवळ खाली फरशीवर बसला आणि सुपातले तांदूळ निवडायला लागला. त्याला ते येत नव्हतं. तो चांगले दाणेच बाहेर टाकत होता, आणि तिनं त्याला टोकलं नाही.