अर्ध्या इमारतीवर दुपार

ताईचं वाचनालय अजून कागदावरच झोपलेलं होतं, आणि ते उठून जमिनीवर उभं राहणार की नाही हे गुरुवारी ठरायचं होतं. ताई वास्तुकार. स्पर्धेत शेवटी दोनच आराखडे उरले होते: एक तिचा, दुसरा एका बड्या कंपनीचा, जिची चित्रं इतकी गुळगुळीत की बघणाऱ्याचा पाय घसरावा. हे वाचनालय हातचं गेलं तर उरलेली वर्षं लोकांच्या न्हाणीघरातल्या फरश्या जुळवण्यात जाणार, हे ताई जाणून होती. निवड समितीला नकाशे वाचता येत नव्हते. त्यांना चित्र हवं होतं: इमारत बांधायच्या आधीच काढलेला तिचा फोटो म्हणा ना. काचेवर ऊन, पायऱ्यांवर सावली, सगळा हिशेब संगणकानं करायचा.

असं चित्र करणारे ताईच्या घरात दोघं होते. एकच असता तर ते वेळेवर झालं असतं.

पहिला तिचा नवरा. त्याची श्रद्धा घरी स्वतः जोडलेल्या संगणकाच्या यंत्रावर. "घेतलं आणि संपलं, असलं हे नाही," तो छाती काढून सांगायचा. "भाग बदलत जायचं, यंत्र वाढत जातं." आणि वाढलंच की! आधी ते टेबलाखाली होतं, मग टेबलावर आलं, मग टेबलच हलवावं लागलं. त्याचे पंखे सुरू झाले की समोरच्या घरातले पडदे हलायचे. एकदा रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याची टोपी उडाली, ती पुढच्या चौकात दुसऱ्याच डोक्यावर सापडली. त्या खोलीत ओले कपडे टाकले तर इस्त्री होऊनच निघायचे. कुणाला ही थाप वाटत असेल तर त्यानं ते यंत्र पाहिलेलं नाही. खोट एवढीच, की ते चालू कमी आणि उघडं जास्त असायचं. त्यात कायम काहीतरी नवीन बसवायचं राहिलेलं असायचं.

दुसरा ताईचा धाकटा भाऊ. पापणीएवढ्या जाडीचा लॅपटॉप घेऊन सोफ्यावर लोळायचा.

"दाजी, हे लोखंड भंगारात द्या. क्लाउडवर पाठवायचं, बास. कुठंतरी लांब हजार यंत्रं आपल्यासाठी राबतात."

"राबतील ना! आणि मीटर पळत राहील. भाड्याच्या टॅक्सीत बसून संसार होतो का, मेहुणे?"

"तुम्ही तर गॅरेजमध्येच संसार मांडलाय. गाडी रस्त्यावर आलीय कधी?"

"संसार माझा आहे," ताई म्हणाली. "आणि चित्र पण माझंच आहे. अहो, डावी बाजू तुमची, उजवी तुझी. आता तोंडं बंद."

तोंडं बंद झाली खरी, पण डोकी चालूच राहिली. आपला अर्धा भाग उठून दिसला पाहिजे, एवढाच दोघांना ध्यास. नवऱ्यानं गुपचूप सूर्य खाली ओढला. सोनेरी संध्याकाळ! आपल्या यंत्रातल्या नव्या ग्राफिक्स कार्डाची करामत काचांत चमकू दे. भावानं तितक्याच गुपचूप सूर्य डोक्यावर आणला. कडकडीत दुपार! एकेक वीट मोजून घ्या. त्याची फाइल क्लाउडवर चढताना दमेकऱ्यानं जिना चढावा तशी चढली, आणि सगळ्या सोसायटीतल्या लोकांचे व्हिडिओ तोंड उघडं ठेवून थांबले.

बुधवारी ताईनं दोन्ही अर्धे जोडले. मुख्य दाराच्या बरोब्बर मधून रेघ गेली होती. अलीकडे संध्याकाळ, पलीकडे दुपार.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

नवऱ्यानं यंत्र आधीच उघडलं होतं. "पंखा बदलतोय." क्लाउडवर भावाच्या पुढं भली मोठी रांग होती. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं! गुरुवारी ताई तेच चित्र घेऊन समितीपुढं गेली.

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "बाई, तुमच्या इमारतीत वाजलेत किती?"

तेवढ्यात एक सदस्य म्हणाले, "संध्याकाळच बरी. त्या खिडकीशी बसून वाचायला मजा येईल."

"छे! दुपारच. डोळे फोडून घ्यायचेत का?"

"दुपारी तिथं भाजून निघाल."

"अहो, वर छज्जा आहे, दिसत नाही का?"

पाहता पाहता समिती हमरीतुमरीवर आली. कोण कुठं बसणार, कुठल्या खिडकीशी, किती वाजता. बड्या कंपनीच्या चित्राकडं कुणी मान वळवली नाही. त्यात फुगे घेतलेली हसरी माणसं होती, भांडावं असं काहीच नव्हतं.

हे भांडण ताईला पाठ होतं. इतकी वर्षं ती त्यातच नांदत होती. ते कुणाच्या जिंकण्यानं मिटत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"दोन्ही मिळेल," ती म्हणाली. "पण चित्रात नाही. सूर्य फिरायला इमारत उभी लागते."

अध्यक्षबाई खुदकन हसल्या, आणि सही करायला पेन शोधू लागल्या.

घरी दोघं दारातच उभे.

"मिळालं?"

"मिळालं."

"कुठली बाजू आवडली त्यांना?" दोघं एका सुरात.

ताईनं चपला काढल्या, घोटभर पाणी घेतलं. "बांधून झालं की बघून या," ती म्हणाली. "एकानं दुपारी जायचं, एकानं संध्याकाळी. बरोबर मात्र जाऊ नका."