धर्माजीची पहिली पसंती

अलिबागकडच्या खारेपाटातल्या पाच गावांत धर्माजीला विचारल्याशिवाय सोयरीक जुळत नसे, आणि विचारल्यावर तर मुळीच जुळत नसे. चाळीस वर्षं हा माणूस मुलीकडच्यांच्या वतीनं स्थळं बघायला गेला. प्रश्न तो विचारी, बाकीचे पोहे खात. त्यानं नापसंत केलेले नवरे एका ओळीत उभे केले असते, तर पहिला पेझारीच्या नाक्यावर आला असता आणि शेवटचा मांडव्याच्या जेट्टीवर, पाण्यात पाय सोडून.

पोयनाडला त्यानं एवढंच विचारलं, "मुलगा झोपेत कोनाचं नाव घेतो?" नवऱ्याची आई घेरी येऊन पडली, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं दोन नावं सांगितली. हाशिवऱ्याला माणसं तयारीची होती, कुणी तोंडच उघडेना. तेव्हा हा गोठ्यात गेला आणि म्हशीला म्हणाला, "काय गो, धनी तुला मारतो काय?" म्हैस मान खाली घालून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मोडलं. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी हाशिवऱ्याला जाऊन यावं. त्या म्हशीची नात अजून परक्या माणसाकडे बघत नाही.

पण सगळ्यात जास्त स्थळं त्यानं मोडली ती घरातच. धाकट्या भावाची, नामाची, थोरली मुलगी सोनल. तिची अकरा. एकाचे कान मोठे, एकाच्या विहिरीचं पाणी मचूळ, एकाचा बाप फार हसतो. सोनल छत्तीसची झाली, तिचे गुडघे गेले, आणि धर्माजीची बायको वारल्यापासून त्याच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या तिच्याच हातच्या होत्या. नामा मोठ्या भावापुढे "व्हय दादा" यापलीकडे कधी बोलला नाही. एकदा "न्हाय दादा" म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण आतून जांभई निघाली.

धाकटी क्रांती बावीसची. तिला केकचं वेड. जाड पातेल्यात बोटभर वाळू, वाळूवर केकचा डबा, वर झाकण, झाकणावर निखारे, अशी तिची भट्टी. गावातल्या पोरांचे वाढदिवस तिच्याच केकवर होत. केक कधी एका अंगाला खचे, कधी मधोमध कच्चा राही, आणि तो तसा का झाला हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. म्हणून तिनं अलिबागच्या पुढची, बेकरी शिकवणारी एक अकादमी शोधून काढली. वर्षाचा कोर्स, तिथंच राहायची सोय. प्रवेश घेण्याआधी काय काय विचारायचं ते तिनं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलं. एका ओव्हनमागे किती जण? दिवसातले किती तास आपल्या हातानं करायचं आणि किती तास नुसतं बघायचं? शिकवणारा स्वतः कुठल्या भट्टीवर राबलाय? मागल्या बॅचची मुलं आज काय करतात, आणि त्यांचे फोन नंबर द्याल का?

धर्माजीनं ते पान वाचलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"मुलगी कधी आपल्या तोंडानं विचारते काय गो? शाळा बघायची म्हंजे थळ बघायचं. पाच मानसं जातील. विचारीन मी."

काकाची जीभ एकदा टाळूला लागून "नापसंत" म्हणाली की पुढचं क्रांतीला दिसत होतं. हल्ली सोनलताईला चुलीपुढे बसवेनासं झालं की काकाची नजर क्रांतीच्या मनगटांवर जाऊन बसे, बैल बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी.

रविवारी दिपेशच्या भाड्याच्या गाडीतून निघाले. धर्माजी, नामा, सोनल, क्रांती, आणि संख्या विषम पाहिजे म्हणून पाचवा दिपेशच धरला.

अकादमी रेवदंड्याच्या रस्त्याला, नारळांच्या वाडीत. दारात चालक विनेशसर उभे, पांढरा कोट, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी. टोपी इतकी उंच की वरच्या झावळीतला कावळा आत डोकावून गेला. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि बशीतून केकचा एकेक तुकडा.

क्रांतीनं तुकडा तोंडात टाकला आणि ती चावायची थांबली. असा केक तिनं जन्मात खाल्ला नव्हता. वर किंचित करपूस, आत ओलसर, आणि कुठंतरी लांबून धुराचा वास. 'हे मला करता आलं पायजे,' ती मनात म्हणाली, 'मग काकानं माझे दात मोजले तरी चालतील.'

दात मोजायचे होते ते विनेशसरांचे.

"घराणं किती वर्सांचं?" धर्माजीनं सुरुवात केली.

"सहा वर्षं झाली काका, अकादमी स्टार्ट करून."

"अजून दुधाचे दात हायेत तर. आधीच्या मुली कुठं दिल्या?"

विनेशसर क्षणभर गोंधळले, मग समजले. "आपले स्टुडंट एकदम टॉपला आहेत काका. दुबई, मस्कत. एक तर क्रूझवर आहे."

"तुम्ही गेलावता बघायला?"

"फोटो आहेत ना!"

"फोटो आमच्या हाशिवऱ्याच्या म्हशीचापन चांगला येतो. बरं, हात दावा."

"हात?"

"हात, हात. दोन्ही."

विनेशसरांनी हात पुढे केले. धर्माजीनं ते उलटेपालटे करून पाहिले, तळवे दाबले, बोटांची पेरं चाचपली. "मऊ हायेत," तो म्हणाला. "लोन्यासारके."

"थँक यू, काका."

"आता लाइटबिल दावा."

शाळेचं लाइटबिल मागणारा पालक विनेशसरांनी पाहिला नव्हता. पण प्रवेश हातचा जाईल म्हणून त्यांनी ते आणून दिलं. धर्माजीनं ते लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं, घडी घालून परत केलं. आणि हसला. प्रश्न विचारताना काका कधी हसत नसे. हसणाऱ्या बापाचं एक स्थळ त्यानं त्यापायीच मोडलं होतं. 'संपलं,' क्रांतीला वाटलं.

"आतिफा, ताईंना आत किचन दाखव," विनेशसर घाईनं म्हणाले.

आतिफा मुरुडची, तिथंच शिकणारी. तिच्या पांढऱ्या एप्रनवर पिठाचा ठिपकासुद्धा नव्हता. ती दोघी बहिणींना आत घेऊन गेली. आत सहा ओव्हन ओळीनं, आरशासारखे चकचकीत. काचांवरचे कंपनीचे कागद अजून निघालेले नव्हते. क्रांतीनं एकाचं दार उघडलं. आत रिबिनींची रिळं आणि पुठ्ठ्याचे घडी केलेले डबे.

"हे कधी पेटतात?" तिनं विचारलं.

"उद्घाटनाला पेटवले होते म्हणतात. आख्ख्या वाडीची लाइट गेली. तवापासून सर म्हणतात, आधी थिअरी पक्की करा."

"मग तुमी करता काय?"

"सकाळी वहीत उतरवून घेतो. दुपारी डबे भरतो, रिबिनी बांधतो, मुंबईवाल्यांच्या बंगल्यांवर पोचवतो. त्याला प्रॅक्टिकल म्हणतात."

"आणि तो क्रूझवरचा मुलगा?"

"हाय ना क्रूझवर. बशा धुतो."

क्रांतीनं ओव्हनचं दार हळूच लावलं. काचेत तिला तिचं तोंड दिसलं आणि ते तिला बघवेना. काका 'नापसंत' म्हणणार, आणि यावेळी ते खरं असणार. याच्याएवढं वाईट तिच्या मनात आलंच नव्हतं.

"तू का ऱ्हायलीस मग?"

"घरी गेले तर निकाह लावतील," आतिफा म्हणाली. "इथं निदान स्कूटी हाय."

"स्कूटी कशाला?"

"केक आणायला. मघाशी खाल्लास तो मकसूदमामूचा. चौलला भट्टी हाय त्यांची, लाकडाची. इथं सर स्वतःचा म्हणून विकतात ते समदं तिथलंच. रोज पहाटे मी जाते."

क्रांतीच्या जिभेवर तो धूर अजून होता. तिच्या कागदावर नसलेला प्रश्न तिनं विचारला. "मामूंना हाताखाली मानूस लागतं काय?"

आतिफानं तिच्याकडे नीट बघितलं. "दोन पोरं होती, दोन्ही मस्कतला पळाली. पीठ मळायला हात न्हायत म्हणून रोज बोंब मारतो. पन मामू शिकवत न्हाय हां. कामाचं सांगायला तोंडच उघडत न्हाय. चुकलं की सगळं पीठ कोंबड्यांपुढं, आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि भट्टीचं तोंड उघडलं की... माझी ही भुवई बघ."

तिला डावी भुवई नव्हती. क्रांतीनं त्या जागेकडे अशा हावरेपणानं बघितलं, जसं इतर मुली दुसरीच्या गळ्यातल्या सोन्याकडे बघतात. मग तिनं सोनलताईच्या हातांकडे बघितलं. वीस वर्षं भाकऱ्या थापून बोटं चपटी झालेली, तळवे असे की निखारा उचलला तर निखाऱ्यालाच चटका बसावा.

"हॉस्टेलला खाटा किती रिकाम्या हायेत?"

"सगळ्याच."

चुकून पसंत झालंच तर म्हणून क्रांतीनं आतिफाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सोनलकडे बघून भुवई उडवली. सोनलनं दाराबाहेर बसलेल्या काकाकडे बघितलं आणि मान डोलावली. आतिफा विनेशसरांकडे गेली, कानाशी लागली, आणि विनेशसरांची टोपी आनंदानं आणखी वीतभर वर गेली.

दोघी बहिणी बाहेर आल्या तेव्हा धर्माजी मिशीवरून हात फिरवत उभा राहिला होता.

"पसंत," तो म्हणाला.

वाडीत एक नारळ पडला. नामाच्या घशात केक अडकला. चाळीस स्थळांना गाडी घेऊन गेलेला दिपेश उगाच बाहेर जाऊन चारही टायर चाचपून आला. विनेशसरांनी लगोलग कागद पंख्यासारखे पसरले. पालक म्हणून सही बापानं करायची, पण नामा "व्हय दादा" म्हणून बाजूला झाला आणि विनेशसर बोट ठेवतील तिथं धर्माजी सह्या करत गेला. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला "आपल्यासारखे जाणकार पालक" म्हणत होतं. त्या भरात त्यानं कागद वाचले नाहीत.

गाडी अलिबाग सोडून पुढे लागली. मग धर्माजी पुढच्या सीटवरून मागे वळला.

"काय गो क्रांती, वाटलं काय, काका म्हातारा झाला, फसला?"

ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"एवड्या लाइटबिलात आपल्या घरचा पंखा फिरतो. भट्ट्या काय त्याच्या मनानं तापतात? आणि बेकरीवाल्याच्या हातावर भाजल्याचा एक डाग न्हाय! चाळीस वर्सांत इतकं सडकं थळ बघितलं न्हाय मी."

"मग पसंत का म्हटलंस, दादा?" नामाच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यातला हा त्याचा पहिला प्रश्न.

"तुला अक्कल असती तर इचारला नसतास. न्हाय म्हटलं असतं तर पोरगी दुसरी शाळा शोधती. तिथं खरोखर शिकती, मग परत कशाला येती? इथनं कशी येईल बघ. वर्सानं, कागद घेऊन, काय एक न शिकता. पहिल्याच वाढदिवसाला लोक तोंडावर हसतील. मग पुन्ना मान वर करून मागायची न्हाय. गुमान चुलीपुढं बसेल." तो सोनलकडे न बघता, तिच्या गुडघ्यांकडे बोट करून म्हणाला, "हिचे तेवडं एक वर्स टिकतील."

सोनल मागच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसली होती. अकरा स्थळं कशी गेली हे तिला आज कुणी नव्यानं सांगितलं नव्हतं; फक्त मोठ्यानं सांगितलं होतं.

"काका," क्रांती म्हणाली, "सह्या किती केल्यात?"

"केल्या सहा. का?"

"एका फॉर्मवर तीनच असतात."

धर्माजीची मान तिथल्या तिथं आखडली.

"दुसरा फॉर्म ताईचा. सख्खी बहीण असली तर फी माफ, अशी योजना विनेशसरांनी आजच काढली. परवापासून आमी दोघी हॉस्टेलला." रोज पहाटे आतिफाबरोबर चौलच्या भट्टीवर जायचं ठरलं होतं, ते ती बोलली नाही. त्याला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"दिपेश, गाडी फिरव!"

"फिरवतो की काका," दिपेश आरशात बघत म्हणाला. वेग मात्र त्यानं वाढवला. "पन उद्या पोयनाडच्या नाक्यावर लोकांना सांगू काय? धर्माजीनं जन्मात एकदा पसंत म्हटलं, आणि कार्लेखिंड यायच्या आधी मोडलं?"

नामा खिडकीबाहेरची आंब्याची झाडं मोजायला लागला. खिंड आली, खिंड गेली. ज्या आवाजानं पाच गावांच्या नवऱ्यांना घाम फुटायचा, तो आवाज आता नळाला शेवटचं पाणी यावं तसा आला.

"मग... माझ्या भाकऱ्या कोन करनार?"

सोनल सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. ती पुढे वाकली आणि अगदी मायेनं म्हणाली, "तांदळाचं पीठ मोठ्या डब्यात हाय, काका. पानी खळखळ उकळतं घ्यायचं, गार न्हाय. आणि उकडीत हात एकदम घालायचा न्हाय हां, कातडी निघते."