दुपारचा आकडा

बेकरीवाल्या रुसालिनानं पाव मधोमध कापला. आत पुन्हा कच्च्या पिठाची ओली रेघ. तिनं तो स्तामेनपुढे सरकवला.

"दीड तास विजेच्या भट्टीत होता. गाव म्हणतं, म्हातारीचा हात गेला. शाळेनं सोमवारपासून शहरातला पाव लावलाय."

स्तामेन वीज कंपनीचा वायरमन. रोदोपी डोंगरातल्या या गावाची लाईन तीस वर्षं त्याच्याकडे. त्यानं मीटरच्या कांड्या भट्टीच्या तारांना टेकवल्या. सकाळचे सात. घरोघरी विजेच्या शेगड्या लागलेल्या, वरच्या नव्या हॉटेलात सौनाच्या वाफेच्या खोल्या तापत असलेल्या. काटा एकशे चौऱ्याहत्तरवर थांबला.

"दोनशे तीस व्होल्ट हवेत."

"म्हणजे चौथाई कमी. मग पाव थोडा उशिरा भाजेल, एवढंच ना?"

"नाही ताई. भट्टीतली तापणारी तारेची गुंडाळी तीच, म्हणून विजेचा दाब चौथाईनं उतरला की प्रवाहही चौथाईनं उतरतो. उष्णता त्या दोघांच्या गुणाकाराची. शंभराच्या जागी सत्तावन्न उरते."

"आणि तुझी ही वीज सारखी उलटसुलट धावते म्हणे. उलटी जाताना भट्टी गार तर होत नाही?"

"येतानाही तापवते, जातानाही. विजेचा दोष नाही. तार बारीक आहे, वाटेतच खाऊन टाकते."

त्यानं तिथूनच इंजिनियर दोब्रिनोवला फोन लावला.

"दुपारी किती असतात?" इंजिनियरनं विचारलं.

"दोनशे अठ्ठावीस. पण दुपारी पाव कोण भाजतं, साहेब?"

"तेच लिही. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझ्या. सुखानं काढ."

गेल्या हिवाळ्यात स्तामेननं तेच लिहिलं होतं. त्या कागदावरून कंपनीनं रुसालिनाला कळवलं होतं, पुरवठा ठीक आहे, भट्टी तपासा. बिचारीनं नवी गुंडाळी बसवून घेतली. पाव कच्चाच राहिला.

स्तामेननं फोन खिशात टाकला. "मागचा तो आकडा मीच लिहिला होता, ताई."

"माहितीये. खाली सही होती."

त्यानं पिठानं माखलेल्या ओट्यावर कागद पसरला. तारीख, वेळ, एकशे चौऱ्याहत्तर. सही केली, एक प्रत तिच्या हातात दिली.

"यानं काय होईल?" तिनं विचारलं.

"माझी बदली होईल."

झालीही, त्याच आठवड्यात. शहरातल्या गोदामात बल्ब मोजायला बसवलं त्याला. तिथूनही तो दर महिन्याला तोच सकाळचा आकडा वरच्या साहेबांना लिहीत राहिला. उत्तर एकदाही आलं नाही.

नवी जाड तार ओढली गेली ती पुढच्या ऑक्टोबरात. तोवर स्तामेन निवृत्त होऊन गावी परतला होता आणि रुसालिना दुकानाला कुलूप लावून प्लोव्दिवला लेकीकडे गेली होती.

तार जोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकात उभा होता. घराघरांतले दिवे लख्ख पेटलेले. शहरातून पावाची गाडी यायची होती. रांगेत त्याचा नंबर चौथा होता.