इसाकोच्या चादरीवरचा पतंग

इसाकोची होडी सापडली, इसाको सापडला नाही. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे त्याच्या थोरल्या बहिणीने, फेतूने, समुद्रकाठी पांढरी चादर पसरली. चादरीवर जो जीव चढेल त्याला दोनदा झटकायचं. तरीही तिसऱ्यांदा आला, तर तो आपला गेलेला माणूस. त्याला चादरीत गुंडाळून घरापुढे पुरायचं. पाद्रीबाबा त्या वाटेने जाताना रोज नेमके दुसऱ्या बाजूचे नारळ न्याहाळत.

पहिल्या दिवशी खेकडा आला. एकदा झटकला, तो फिरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मुंग्या.

"मुंग्या?" धाकटा भाऊ लाफो म्हणाला. "इसाकोने जन्मात कधी रांग धरली होती का?"

"तू गप रे. नाहीतर त्याच्याआधी तुलाच पुरते."

इसाकोची मुलगी तौसाला चादरीचा कोपरा धरून बसली होती. ती आपिया शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची; या सगळ्यावर तिचा विश्वास नव्हता. पण घरापुढे आजी-आजोबांच्या थडग्यांशेजारी एक जागा रिकामी होती, आणि सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसायची. तीन दिवसांनी तिला शाळेत हजर व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता एक पतंग आला. करंगळीएवढं जाड अंग, निमुळते पंख, ससाण्यासारखी झेप. चादरीवर टेकला आणि वाळकं पान होऊन गेला.

"हा?" फेतूचा चेहरा पडला. "अगदीच मातकट की गं!"

लाफोने बोटाने टिचकी मारली. वरचे पंख उचलले गेले आणि खालून पिकल्या पपईच्या गरासारखा रंग लखलखला.

"अगं बाई," फेतू म्हणाली. "आत असं आहे होय!"

पतंग एक गिरकी घेऊन परत बसला. लाफोने पुन्हा उडवला.

"आत्या, हा काही आपल्याच गावचा नाही," तौसाला म्हणाली. "ऑस्ट्रेलियात आहे, फिजीत आहे, पार ताहितीपर्यंत आहे. बाबांनीच सांगितलं होतं. याच्या अळ्या रताळ्याचे वेल खातात. आपल्या वाडीत रोज दहा फिरतात, त्यातला कुठलाही येईल."

"मग? तुझा बाप तरी कुठे एका बेटावर टिकला? लग्नाच्या दिवशीसुद्धा शोधून आणावा लागला होता."

तौसाला हसली. पतंग तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र आपण इतका वेळ श्वास रोखून बसलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिने चादर मिटली आणि घराची वाट धरली.

आतून तळहाताला धडका बसायला लागल्या. बाबा वेलावरच्या अळ्या चिरडत नसत. वेचून किनाऱ्यावरच्या रानवेलींवर नेऊन सोडत. शेजारी हसायचे. वीसेक पावलांवर ती थांबली आणि तिने चादर उघडली.

"सोडलास?" फेतू ओरडली. "बापाला सोडलास?"

लाफोने चादर घेऊन उजेडाकडे धरली. पंखांची तपकिरी भुकटी कापडाला लागली होती, मध्ये किंचित पिवळी.

"सगळा नाही गेला," तो म्हणाला. "थोडा राहिलाय."

फेतूने वाकून बराच वेळ पाहिलं. मग भुकटी आत ठेवून चादरीची चौघडी घातली. "त्याचं असंच. कुठूनही निघाला की काहीतरी मागे विसरायचा."

सकाळी घरापुढे लाफो खड्डा खणत बसला. वीतभर खड्डा पुरेसा होता. तो खणतच राहिला, छातीइतका खोल, माणूसभर लांब.

"एवढा कशाला, काका?"

"मग काय, पाय दुमडून झोपवू त्याला?"

तौसाला चौघडी घेऊन खाली उतरली. माती ओली, गार होती. ती वाकली, आणि तशीच थांबली.

"आत्या," तिने विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला करू?"

"समुद्राकडे नको," फेतू म्हणाली.